धुळीचे वजन कळले, आता तिच्यातले शिसे शोधा

दिवाळी उलटली की मुंबई-पुण्याच्या हवेवरचा वाद दरवर्षी नेमाने सुरू होतो आणि त्याच दोन मुद्द्यांभोवती घुटमळत राहतो. एका बाजूला ‘झाडे लावा, हवा आपोआप सुधारेल’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘आणखी यंत्रे बसवा, आकडे दाखवा’ म्हणणारे. मध्येच कोणी पानांवरची धूळ तपासून तिच्यातले धातू मोजण्याची गोष्ट काढली, तर ती दोन्हीकडून उडवून लावली जाते. यंत्रवाल्यांना तो शाळकरी प्रकल्प वाटतो. वृक्षप्रेमींना झाडाचे काम हवा शुद्ध करण्याचे, त्याच्याकडून आणखी काय शिकायचे, असे वाटते. हा वाद चुकीच्या जागी अडकला आहे. माझे म्हणणे असे: शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांसारखे जड धातू आणि त्यांच्याच पंक्तीतले आर्सेनिक हवेतल्या धुळीतून नेमके कुठे पसरते आहे, हे शोधण्यासाठी राज्यातल्या प्रत्येक औद्योगिक शहरात झाडांच्या पानांची दरवर्षी, ठरलेल्या पद्धतीने आणि सरकारी खर्चाने तपासणी व्हायला हवी. यंत्रे हवीतच. पण ती कुठे ठेवायची हे आज अंदाजाने ठरते, ते पानांवरून ठरावे.

आधी आपण मोजतो तरी काय, ते पाहू. मोबाइलवर रोज दिसणारा हवा-गुणवत्ता निर्देशांक बहुतेक दिवशी पीएम १० किंवा पीएम २.५ या कणांवरून ठरतो. एक घनमीटर हवेत अमुक आकारापर्यंतच्या कणांचे वजन किती, एवढेच हे आकडे सांगतात. कण कशाचे आहेत हा प्रश्न त्यांत येतच नाही. नांगरलेल्या शेतातून उडालेली शंभर मायक्रोग्रॅम माती आणि जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्टीतून आलेले शंभर मायक्रोग्रॅम कण निर्देशांकाच्या लेखी सारखेच. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषके आहेत. त्यांत शिशाची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिकची ६ नॅनोग्रॅम, निकेलची २० नॅनोग्रॅम आहे. कॅडमियम आणि क्रोमियम यादीतच नाहीत. कॅडमियम आणि षट्संयुजी (हेक्साव्हॅलंट) क्रोमियम ही दोन्ही कर्करोगाला निश्चित कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात असूनही. जे तीन धातू मानकांत आहेत, तेही यंत्राच्या पडद्यावर तासातासाला उमटत नाहीत. गाळणकागदातून चोवीस तास हवा ओढायची, कागद प्रयोगशाळेत न्यायचा, आम्लात विरघळवायचा, मग मोजायचे. हे आठवड्यातून दोनदा, वर्षाला किमान १०४ वेळा व्हावे अशी अपेक्षा आहे, आणि तेही मोजक्याच ठिकाणी होते. निर्देशांकाच्या आठ घटकांत शिशाचे नाव आहे, पण ते असे मागाहून कळत असल्यामुळे रोजच्या आकड्यात ते नसल्यातच जमा.

जे मोजतो त्यावरच पैसा जातो. २०१९ पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू आहे. मुंबई-पुण्यापासून जालना, चंद्रपूर, अकोला, लातूरपर्यंत राज्यातली अनेक शहरे त्यात आहेत. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये या कार्यक्रमाचा हिशेब मांडला. खर्चाचा ६४ टक्के वाटा रस्त्यावरच्या धुळीसाठी गेला होता आणि उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्कासुद्धा खर्च झाला नव्हता. रस्ते झाडा, पाणी मारा, फवारे फिरवा. वजन कमी करायचे असेल तर हे ठीकच आहे, कारण रस्त्यावरची धूळ जड असते. पण ज्या वस्तीच्या मागे रात्री दहानंतर भट्टी पेटते, तिथल्या मुलांच्या रक्तात शिसे गेले तर ते या हिशेबात कुठे दिसणार? रक्तातल्या शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठलीही नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, त्यांतली २७ कोटींहून अधिक भारतातली. पेट्रोलमधले शिसे आपण २००० साली देशभरातून हद्दपार केले. मग हे येते कुठून? वाटा अनेक आहेत आणि सगळ्या हवेतून येत नाहीत. पण ज्या हवेतून येतात, त्या शोधायला आपल्याकडे जवळपास काही साधन नाही.

पान इथे कामाला येते. जानेवारीत कुठल्याही वर्दळीच्या रस्त्यावरच्या करंजाचे पान पाहा. ऑक्टोबरात पाऊस संपल्यापासून जे काही हवेतून खाली आले, त्यातले बरेचसे त्याच्या वरच्या बाजूवर साचलेले असते. शिरेच्या खोबणीत ते दाट असते, कडेला विरळ; काही कण मेणचट थरात रुतून बसलेले असतात, ते फुंकरीने हलत नाहीत. असे पान तोडायचे ते देठाला धरून, म्हणजे पृष्ठभागाला बोट लागत नाही. कात्री स्टेनलेस स्टीलची नको, तिच्यातच क्रोमियम आणि निकेल असते. पाने कागदी पाकिटात भरायची. प्रयोगशाळेत निम्मी पाने ऊर्ध्वपातित पाण्यात मऊ ब्रशने धुवायची, निम्मी तशीच ठेवायची. धुतलेले पाणी वजन केलेल्या गाळणकागदातून गाळले की धूळ हाती येते. पाने वाळवून, दळून, नायट्रिक आम्लात द्रावण नितळ होईपर्यंत तापवायची आणि ते धातूंचे प्रमाण मोजणाऱ्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्राला द्यायचे. बऱ्याच विद्यापीठांत आणि मोठ्या महाविद्यालयांत हे यंत्र आहे. हवा सतत मोजणाऱ्या एका केंद्राचा खर्च कोटीच्या घरात जातो; तेवढ्यात अख्ख्या शहराची पाने कित्येक वर्षे तपासून होतील.

यातून खरोखर काही हाती लागते का? याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराचे आहे. तिथे पाने नव्हती, झाडांच्या खोडा-फांद्यांवर वाढणारे शेवाळ होते. अमेरिकी वन सेवेच्या संशोधकांनी डिसेंबर २०१३ मध्ये शहरभरातल्या ३४६ ठिकाणांहून ते खरवडून आणले आणि त्यातले धातू मोजून नकाशा काढला. कॅडमियमचे दोन ठळक डाग उमटले, आणि दोन्ही रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्यांपाशी. कॅडमियमने काचेला पिवळा, नारिंगी, लाल रंग येतो. हे कारखाने अनेक दशके तिथेच होते, त्यांच्याकडे परवाने होते, पण काचेच्या भट्ट्यांसाठीचे केंद्रीय नियम अखंड चालणाऱ्या भट्ट्यांना लागू आहेत, एकेक घाणा काढणाऱ्या भट्ट्यांना नाहीत, असे तोवर मानले जात होते. त्यामुळे कोणी तिथे यंत्र नेलेच नव्हते. शेवाळाचा नकाशा पाहून ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने एका कारखान्याजवळ हवामापक ठेवला. कॅडमियमची सरासरी भरली घनमीटरमागे २९.४ नॅनोग्रॅम, राज्याने स्वतःसाठी ठरवलेले उद्दिष्ट होते ०.६. आर्सेनिक तर उद्दिष्टाच्या १५९ पट निघाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये हे लोकांना कळले, गदारोळ झाला, त्या कारखान्याने कॅडमियम आणि आर्सेनिक वापरणे थांबवले, आणि २०१८ मध्ये राज्याने उद्योगांच्या विषारी उत्सर्जनासाठी नवे नियम आणले. या सगळ्याची सुरुवात झाडाच्या सालीवरून खरवडलेल्या चिमूटभर शेवाळातून झाली.

आता आक्षेप. ते पोकळ नाहीत, आणि पानांची बाजू घेणारे ते नीट ऐकून घेत नाहीत, म्हणूनच त्यांची बाजू पडते. पहिला आक्षेप एककाचा. पानातले शिसे मिळते किलोमागे मिलिग्रॅममध्ये. कायदा बोलतो घनमीटरमागे नॅनोग्रॅममध्ये. एकाचे दुसऱ्यात खात्रीने रूपांतर होत नाही. पानाच्या आधारावर कारखान्याला नोटीस दिली तर ती न्यायालयात पहिल्याच तारखेला उडेल. हे मला पूर्ण मान्य आहे. पण पोर्टलंडमध्ये तरी शेवाळाच्या आधारावर कारवाई कुठे झाली? कारवाई यंत्राच्या आकड्यावर झाली, आणि यंत्र योग्य जागी पोचले शेवाळामुळे. तपासाला दिशा देणारी गोष्ट आणि खटल्यात टिकणारा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण इतर प्रत्येक क्षेत्रात सहज मानतो. मग हवेच्याच बाबतीत पहिल्या पायरीवरच शेवटच्या पायरीची अट का घालायची?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शेवाळाला मुळे नसतात, ते जवळजवळ सगळे हवेतूनच घेते. झाडाला मुळे असतात. पानातला जस्त किंवा तांबे जमिनीतून आलेले असू शकते. ते तर झाडाचे अन्नच आहे. कॅडमियमसुद्धा मुळांतून बऱ्यापैकी वर चढते. आणि आपल्याकडे एक खास अडचण आहे: दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या मातीत लोह तर भरपूर असतेच, क्रोमियम, निकेल आणि तांबेही मुळातच जास्त असते. सोलापूरच्या पानावर क्रोमियम सापडले म्हणजे कारखानाच दोषी, असे कोणी घाईने म्हणेल तर ते चूक ठरू शकते. याचे उत्तर पद्धतीत आहे. धुतलेल्या आणि न धुतलेल्या पानांतला फरक पृष्ठभागावर काय बसले होते ते दाखवतो. शिसे आणि क्रोमियम मुळांतून पानापर्यंत फारच थोडे पोचतात, त्यामुळे त्यांच्यापुरती ही शंका बरीच कमी होते. आणि धुळीतले शिसे-ॲल्युमिनियमचे गुणोत्तर त्याच गावच्या, रस्त्यापासून दूरच्या मातीतल्या गुणोत्तराशी ताडून पाहिले की धूळ नुसत्या मातीची आहे की तिच्यात बाहेरचे काही मिसळले आहे, ते कळते. परदेशी पुस्तकातली सरासरी भूकवचाची आकडेवारी इथे लावायची नाही, एवढे पथ्य पाळले पाहिजे. आपल्याकडच्या काही प्रबंधांत ते पाळलेले दिसत नाही, आणि टीकाकार नेमके तिथेच बोट ठेवतात.

तिसरा आक्षेप झाडागणिक, पानागणिक फरकाचा. केसाळ पान जास्त धूळ धरते, गुळगुळीत कमी. कोवळ्या पानावर कमी साचते, जून पानावर जास्त. एक सर आली की बरेचसे धुऊन जाते. खरे आहे. म्हणूनच जर्मनीत यासाठी ठरावीक जातीचे गवत ठरावीक मातीत, ठरावीक काळ वाढवून ठेवण्याची प्रमाणित पद्धत आहे. बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये २०१४ साली विद्यापीठाने घरोघरच्या खिडक्यांत स्ट्रॉबेरीची रोपे ठेवायला दिली आणि त्यांच्या पानांवरच्या लोहयुक्त कणांचे चुंबकत्व मोजून रस्त्यारस्त्याचा नकाशा काढला. धातूंवरच्या २००४ च्या युरोपीय निर्देशात सजीव निर्देशकांच्या वापराचा विचार करता येईल असे नमूद आहे. म्हणजे हा भाबडेपणा नव्हे, शिस्त लावता येणारे काम आहे. आणि पावसाच्या बाबतीत आपण युरोपपेक्षा सुदैवी आहोत. तिथे वर्षभर केव्हाही सर येते. आपल्याकडे मोसमी पाऊस पाटी स्वच्छ करून जातो आणि नंतर कित्येक महिने ती भरत राहते. कधीतरी अवकाळी पाऊस येतो, तेव्हा नोंद करायची आणि दोन-तीन आठवडे थांबायचे. वड, पिंपळ, आंबा, करंज यांतले एखादे झाड नाही असा वॉर्ड मला तरी माहीत नाही.

खरे तर सजीवांची साक्ष न ऐकण्याची किंमत या राज्याने एकदा मोजली आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला, पुढल्या वर्षी पुण्यात. ‘उंदीर पडला’ म्हणजे काय, हे पुढे गावोगावी सर्वांना कळले होते. घरात उंदीर पडला की लोक घर सोडून माळावर झोपड्या टाकत. सरकारचा भर मात्र घरझडतीवर, रोग्याला ओढून नेण्यावर, सामान जाळण्यावर आणि जंतुनाशक ओतण्यावर होता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांमधून रोग पसरतो असे मांडले, तेव्हा अधिकृत वर्तुळात त्याला फारशी दाद मिळाली नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगांनी ते पक्के झाले. मेलेल्या उंदरातून रोगजंतूंची मोजदाद होत नव्हती, रोग कसा पसरतो हे त्याने सिद्ध होत नव्हते, हे मान्य. पण कुठे पाहायचे हे तो दाखवत होता. साक्ष अपुरी आहे म्हणून ती ऐकायचीच नाही, या हट्टाने किती वर्षे गेली?

सगळ्यात गंभीर वाटणारा आक्षेप राजकीय आहे, शास्त्रीय नाही. स्वस्त पर्याय दिला की सरकार महागडी यंत्रे घ्यायचे टाळेल. ‘पानांची तपासणी चालू आहे’ हे उत्तर विधानसभेत वर्षानुवर्षे पुरेल. ही भीती मला खरी वाटते. आपल्या यंत्रणांचा इतिहास पाहता ती कोणीही झटकून टाकू नये. म्हणून पानांची तपासणी एका बंधनासकट यावी, नाहीतर येऊ नये: एखाद्या ठिकाणची पातळी त्या शहरातल्या स्वच्छ भागाच्या तिप्पट निघाली, तर एका महिन्याच्या आत तिथे गाळणकागदाचे यंत्र जावे, आणि दोन्ही आकडे एकदमच जाहीर व्हावेत. तिप्पट हा आकडा तज्ज्ञांनी बदलावा, बंधन मात्र बदलू नये. लोक घाबरतील हा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. पोर्टलंडमध्ये लोक घाबरले होते, परसातली भाजी खावी की नाही हे विचारत होते. पण त्यांचा जास्त राग होता तो खात्याला आधी कळूनही आपल्याला उशिरा कळल्याचा. कामगारांचे पोट जाईल, असेही कोणी म्हणेल. भट्टीच्या सर्वांत जवळ उभा राहून तीच हवा आठ-दहा तास घेणारा तोच कामगार आहे. धुराड्यावर पिशव्यांची गाळणी बसवायला लावणे हे कारखाना बंद करणे नव्हे.

आता दुसऱ्या बाजूबद्दल, कारण त्यांचेही तितकेच चुकते आहे. ‘झाडे धूळ शोषून घेतात’ हे वाक्य प्रत्येक हरित पट्ट्याच्या उद्घाटनात असते. धातू शोषले जाऊन नाहीसे होत नाहीत. पानावरचे शिसे पावसाने मुळाशी येते, पानगळीबरोबर रस्त्यावर येते आणि कोपऱ्यात पालापाचोळा पेटवला की पुन्हा हवेत आणि राखेत जाते. शिसे जळून संपत नाही. रस्त्याकडेची पाने गोळा करून सोसायटीच्या परसबागेत खत करणारे चांगल्या हेतूने करतात, पण ते खत एकदा तपासले जायला हवे. आपल्या संशोधनाचा कलही मला खटकतो. १९८३ पासून भारतात झाडांचा ‘प्रदूषण सहनशीलता निर्देशांक’ काढण्याची एक सोपी रीत रूढ आहे: पानातले क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, आम्लता आणि पाण्याचे प्रमाण घेऊन कुठले झाड किती तग धरेल ते सांगायचे. त्यावर असंख्य प्रबंध झाले. कारखान्याभोवती कोणते झाड लावावे, यासाठी ते उपयोगी आहेत. पण झाडाला ‘तू किती सोसशील?’ हे इतक्यांदा विचारणाऱ्यांनी ‘तुझ्यावर हे कोण टाकते आहे?’ हे विचारायला किती कमी वेळ दिला! लखनौच्या राष्ट्रीय वनस्पतिशास्त्र संशोधन संस्थेने दगडफूल आणि वनस्पतींच्या मदतीने हवेतले धातू तपासण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. ते ज्ञान देशात आहे. नाही तो त्याचा प्रशासनाशी सांधा.

सुरुवात जालन्यापासून करावी असे मला वाटते. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिलमुळे ते पोलादाचे शहर झाले आहे. भंगारात जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे असतात, जुने रंग असतात. जस्त ९०७ अंशाला उकळते, पोलाद वितळते पंधराशेच्या वर; म्हणजे मुलाम्यातले जस्त आणि त्याच्या सोबतचे शिसे-कॅडमियम वाफ होऊन बाहेर पडणारच, प्रश्न ते गाळणीत अडते की वस्तीवर येते एवढाच आहे. तिथल्या कारखानदारांनाही याचे उत्तर हवे असले पाहिजे, कारण ज्याने गाळणी बसवली आहे आणि ज्याने नाही, त्यांच्यातला फरक आज कोणालाच दिसत नाही. दुसरे शहर चंद्रपूर, जिथे कोळसा, राख आणि वीज केंद्र एकाच आकाशाखाली आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने नमुन्यांची पद्धत ठरवून द्यावी, जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांनी पाने गोळा करावीत, आणि दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत उलटतपासणीला जावा. निकाल मराठीत, वॉर्डवार नकाशासकट, महापालिकेच्या दारात लागावा. कॅडमियम आणि क्रोमियम राष्ट्रीय मानकांत घ्यावेत ही मागणी दिल्लीकडे करायची, तर असा नकाशा हातात असताना ती जास्त जोराने करता येईल. पिंपळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकू लागतो, म्हणून पहिली पाकिटे जानेवारीच्या अखेरीपर्यंत भरलेली हवीत.